प्लॅन एफ सोडायचा का, पार्ट बी बंद करायचा का आणि कोथरूडचा फ्लॅट कधी विकायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तर आपल्याला कितपत लागू आहे ते कळेल. तुमचा जन्म १९५३ चा, यंदा ७३ पूर्ण. वहिनी ६८ च्या. घर टेक्सासात, डॅलसजवळ. मेडिकेअरच्या (अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) जोडीला तुमच्याकडे मेडिगॅपचा, म्हणजे मेडिकेअरने न भरलेला खर्च उचलणाऱ्या खासगी पूरक विम्याचा, प्लॅन एफ आहे, वहिनींकडे प्लॅन जी. एफचा हप्ता महिना ३१० डॉलरवर गेलाय, आणि ओळखीतल्या एकाने शून्य हप्त्याचा ॲडव्हान्टेज प्लॅन, म्हणजे खासगी कंपनीमार्फत मेडिकेअर घ्यायचा पर्याय, सुचवलाय. मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात आहे, २०२३ मध्ये एक स्टेंट बसलाय, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगूनही ‘पुण्याहून आल्यावर बघू’ म्हणून राहिलंय. दर हिवाळ्यात पाच महिने पुण्यात असता, तेवढ्या काळात पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर आणि तपासण्यांचा भाग) बंद ठेवता येईल का असं विचारताय. कोथरूडचा फ्लॅट यंदा विकायचा घाट आहे. वर्ष-दोन वर्षांत मुलीकडे कॅलिफोर्नियात जायचं मनात आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता, लिहिलंय की वहिनींची सोशल सिक्युरिटी (अमेरिकेची सरकारी पेन्शन) सत्तरीला सुरू करणार आहोत.

मी मेडिकेअरचे प्लॅन विकतो आणि त्यावर मला कमिशन मिळतं. ॲडव्हान्टेजवर ते सहसा मेडिगॅपपेक्षा जास्त असतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी तुम्हाला ॲडव्हान्टेज घेऊ नका असंच सांगणार आहे.

पार्ट बी बंद करू नका. यावर फार चर्चा नको. २०२६ मध्ये बीचा मासिक हप्ता २०२.९० डॉलर आहे, म्हणजे पाच महिन्यांचे माणशी हजारभर डॉलर वाचतील असा तुमचा हिशोब. पण बी गेला की मेडिगॅप उभाच राहत नाही, कारण तो ए (रुग्णालयाचा भाग) आणि बी या दोन्हींवर बेतलेला असतो. बी पुन्हा घ्यायचा तर जानेवारी ते मार्च याच काळात अर्ज करता येतो. पूर्ण १२ महिने खंड पडला तर दर १२ महिन्यांमागे १० टक्के दंड लागतो आणि तो आयुष्यभर हप्त्यात राहतो. औषधांच्या पार्ट डीचंही तसंच: सलग ६३ दिवस किंवा जास्त खंड पडला की दर महिन्यामागे एक टक्का दंड. परदेशी फिरायला गेलो म्हणून मेडिकेअर ‘होल्ड’वर ठेवायची सोयच नाही.

आता एफ आणि जी. या दोन प्लॅनांत फरक एकच आहे. पार्ट बीचं वार्षिक डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधीची रक्कम), म्हणजे २०२६ साठी २८३ डॉलर, एफमध्ये कंपनी भरते आणि जीमध्ये तुम्ही भरता. बाकी सगळं तंतोतंत सारखं. अक्षर एकच असेल तर कुठल्याही कंपनीचा प्लॅन फायद्याच्या बाबतीत सारखाच असतो, हेही लक्षात असू द्या. ‘आमचा जी जरा वेगळा’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. फरक असतो तो हप्त्यात आणि हप्ता वाढण्याच्या वेगात.

तुम्हाला जीचा भाव २३५ डॉलर मिळालाय. महिना ७५ वाचले, म्हणजे वर्षाचे ९००. त्यातून २८३ वजा केले की ६१७ डॉलर हातात राहतात. शिवाय ही दरी रुंदावत जाणार. १ जानेवारी २०२० नंतर जे मेडिकेअरला पात्र झाले त्यांना एफ घेताच येत नाही. म्हणूनच वहिनींना तो मिळाला नाही. ६५ वर्षांची ताजी माणसं त्या गटात येणं थांबलं, आहेत ती सगळी वयाने वाढतायत, आणि त्यांच्या दवाखान्यांचा खर्च त्यांच्याच हप्त्यांतून निघतोय. कागदावर बघितलं तर एफ सोडणं हा सरळ हिशोब आहे.

पण तो तुमच्यासाठी सरळ नाही. मेडिगॅप कुठल्याही चौकशीशिवाय मिळण्याचा हक्क पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांचा असतो, वय ६५ झाल्यावर. त्यानंतर बहुतेक राज्यांत कंपनी तब्येतीची चौकशी करते आणि सरळ नकार देऊ शकते. टेक्सासात तेच आहे. आपल्या मंडळींचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो: १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर टीव्हीवर जाहिरातींचा धुरळा उडतो, आणि वाटतं या काळात काहीही बदलता येतं. ती मुदत ॲडव्हान्टेज आणि पार्ट डीची आहे. मेडिगॅपचा अर्ज वर्षभर कधीही करता येतो, आणि वर्षभर कधीही नाकारला जाऊ शकतो.

अर्जात काय विचारतात ते जवळून बघा, कारण तुमचं प्रकरण तिथेच अडणार आहे. पहिल्या पानावर हो-नाहीचे प्रश्न असतात. एकाला जरी ‘हो’ आलं तरी अर्ज तिथेच संपतो. त्यातला एक प्रश्न जवळपास प्रत्येक कंपनीचा असतो: डॉक्टरांनी सांगितलेली पण अजून न झालेली एखादी शस्त्रक्रिया, तपासणी किंवा उपचार आहे का? तुमचा मोतीबिंदू इथे बसतो. एवढ्याशा गोष्टीवरून अर्ज फेटाळलेले मी कितीतरी पाहिलेत. दुसरा प्रश्न हृदयाचा: गेल्या दोन वर्षांत स्टेंट, बायपास, हार्ट ॲटॅक? तुमचा स्टेंट २०२३ चा, त्यामुळे दोन वर्षांच्या अटीतून सुटलात. खरी गोम तिसऱ्या प्रश्नात आहे. मधुमेह आणि त्यासोबत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार अशी जोडी असेल तर काही कंपन्या कितीही वर्षं उलटली तरी घेत नाहीत, आणि काही घेतात. इन्सुलिन नाही ही तुमची जमेची बाजू. हे प्रश्न कंपनीगणिक बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी ब्रोकरला तीन-चार कंपन्यांची प्रश्नपत्रिका तुमच्यासमोर वाचायला सांगा. खोटं उत्तर देऊ नका. कंपनी तुमच्या औषधांचा इतिहास मागवून बघते, आणि नंतर उघडकीला आलं तर ऐन क्लेमच्या वेळी पॉलिसी रद्द होऊ शकते.

तेव्हा क्रम असा ठेवा. मोतीबिंदू या उन्हाळ्यातच काढून घ्या, दोन्ही डोळ्यांचा सांगितला असेल तर दोन्ही. एफ चालू आहे तोवर तुमच्या खिशातून जवळपास काही जाणार नाही. डॉक्टरांनी ‘आता पुढे काही नाही’ असं लिहून दिलं की अर्ज करा. त्याआधी एक फोन सध्याच्याच कंपनीला करा. काही कंपन्या आपल्याच ग्राहकाला एफवरून जीवर सोप्या अटींत जाऊ देतात. आणि काहीही झालं तरी नवी पॉलिसी हातात पडल्याशिवाय जुनी बंद करायची नाही. नव्या मेडिगॅपला ३० दिवसांची पारखून बघायची मुदत असते. तो एक महिना दोन्ही हप्ते भरा, मग जुनीला पत्र पाठवा. अर्ज नाकारला गेला तर जुन्या एफला धक्का लागत नाही, म्हणून विचारून बघण्यात नुकसान काही नाही.

वहिनींची तब्येत ठणठणीत आहे असं लिहिलंय. मग त्यांचा जी दुसऱ्या कंपनीत स्वस्त मिळतोय का ते आजच बघा. प्लॅन एनही त्यांना परवडेल: डॉक्टरांच्या भेटीला २० डॉलरपर्यंत, इमर्जन्सीत जाऊन भरती न होता परतलं तर ५० पर्यंत, आणि मेडिकेअरच्या दरावर डॉक्टरांनी जास्तीचं बिल लावलं तर तेही आपलं. मात्र एनवरून पुन्हा जीवर यायचं म्हटलं की परत तीच प्रश्नपत्रिका.

शून्य हप्त्याचा ॲडव्हान्टेज. शून्य म्हणजे प्लॅनचा हप्ता शून्य. पार्ट बीचे २०२.९० भरावेच लागतात. मग कंपनीचं नेटवर्क, म्हणजे ठरावीकच डॉक्टर आणि रुग्णालयं आली, एमआरआयसारख्या तपासण्यांना आधी मंजुरी आली, आणि वर्षाला नेटवर्कमधलाच तुमचा खर्च २०२६ मध्ये कमाल ९,२५० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. बऱ्याच प्लॅनांची मर्यादा त्याहून कमी असते हे खरं. तब्येत चांगली असेल, आवडते डॉक्टर नेटवर्कात असतील, मेडिगॅपचा हप्ता खरोखरच झेपत नसेल, तर मी स्वतःच लोकांना ॲडव्हान्टेज देतो. तुमच्यासारख्या मधुमेह आणि स्टेंटवाल्या माणसाला देत नाही, कारण परतीचा रस्ता अरुंद आहे. मेडिगॅप सोडून पहिल्यांदाच ॲडव्हान्टेजमध्ये गेलात तर १२ महिन्यांच्या आत जुन्या पॉलिसीत परत येण्याचा हक्क असतो. तेराव्या महिन्यात तो संपतो, आणि मग टेक्सासातली ती प्रश्नपत्रिका तुमची वाट बघत असते. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण: सलग सहा महिन्यांहून जास्त काळ प्लॅनच्या क्षेत्राबाहेर राहिलात तर नाव कमी करतात. पाच महिने पुण्यात आणि वर एखाद्या लग्नासाठी मुक्काम वाढला, असं आपल्याकडे होतंच.

कॅलिफोर्नियाचा बेत खरा असेल तर सगळं चित्र बदलतं, आणि हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. तिथे वाढदिवसाचा नियम आहे. ज्यांच्याकडे आधीपासून मेडिगॅप आहे त्यांना दरवर्षी वाढदिवसापासून ६० दिवस, तब्येतीचा एकही प्रश्न न विचारता, तेवढ्याच किंवा कमी फायद्याच्या प्लॅनमध्ये कुठल्याही कंपनीकडे जाता येतं. एफवरून जी म्हणजे कमी फायद्याचाच प्लॅन. तुमचा टेक्सासचा एफ तुमच्यासोबत कॅलिफोर्नियात येईल, कारण मेडिगॅप देशभर चालतो. पत्ता बदलल्याचं कळवलं की झालं, हप्ता मात्र नव्या झिपप्रमाणे बदलू शकतो. पुढच्या वाढदिवसाला जी घ्या. स्टेंट, मधुमेह, कशाचीच आडकाठी नाही. इलिनॉय आणि ओरेगॉनसारख्या राज्यांतही वाढदिवसाचे असे नियम आहेत, पण प्रत्येकाची मुदत आणि अटी निराळ्या. न्यूयॉर्क आणि कनेटिकटमध्ये तर वर्षभर कधीही चौकशीशिवाय मेडिगॅप मिळतो, आणि हप्ते त्या मानाने चढे असतात.

यात अट एकच, हातात मेडिगॅप हवा. आज ॲडव्हान्टेजमध्ये गेलात तर हा वाढदिवसाचा रस्ता बंद. जाणकार म्हणतील की ॲडव्हान्टेजचं क्षेत्र सोडून दुसरीकडे राहायला गेल्यावरही मेडिगॅप घेण्याचा हक्क ६३ दिवस मिळतो. मिळतो, पण त्यासाठी तुम्ही खरंच स्थलांतर केलं पाहिजे. मुलीची नोकरी बदलली आणि बेत बारगळला तर डॅलसमध्येच अडकाल. वर्षाला सहाशे डॉलर वाचवायला इतका जुगार कशाला? टेक्सासात अर्ज करून बघा, जी मिळाला तर छान, नाही तर एफचा हप्ता भरत राहा आणि जी कॅलिफोर्नियात घ्या.

पुण्यातल्या पाच महिन्यांचं बोलू. मेडिकेअर भारतात एक पैसा देत नाही. तुमच्या एफमध्ये आणि वहिनींच्या जीमध्ये परदेशातल्या इमर्जन्सीची सोय आहे: वर्षाला २५० डॉलर डिडक्टिबल, त्यावरच्या खर्चाचे ८० टक्के, आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलर. पण ती इमर्जन्सी अमेरिकेबाहेर पडल्यापासून पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेली हवी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघालात तर नवीन वर्षाच्या सुमारास ही सोय संपते, आणि पुढचे तीन महिने तुम्ही उघड्यावर. साठ दिवसांच्या आत समजा पुण्यात अँजिओप्लास्टी झाली, बिल ४ लाख रुपये. डॉलरला ९० रुपये धरले तर साधारण ४,४४० डॉलर. त्यातून २५० वजा जाता उरलेल्याचे ८० टक्के म्हणजे ३,३५० च्या आसपास परत मिळतील. पण आधी सगळं स्वतः भरायचं. रुग्णालयाकडून बाबवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या आणि डिस्चार्ज समरी निघायच्या आधी सही-शिक्क्यानिशी घ्या. डॅलसहून मागवायला गेलात तर भाचा महिनाभर खेटे घालेल.

उरलेल्या काळासाठी भारतातली आरोग्य विमा पॉलिसी बघा. २०२४ पासून वयाची ६५ ची अट उठलीय आणि आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याची कमाल मुदत तीन वर्षांवर आलीय. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे. एनआरआय आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या) मंडळींना अनेक कंपन्या पॉलिसी देतात. तीन वर्षांचं घड्याळ पॉलिसी घेतल्यावरच सुरू होतं, तेव्हा हे पुढच्या खेपेवर ढकलू नका.

फ्लॅटचा आणि मेडिकेअरचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. पार्ट बी आणि डीचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो, आणि त्या उत्पन्नात जगभरातलं सगळं धरतात. २०२६ ला जोडप्यासाठी मर्यादा २,१८,००० डॉलर आहे. तिच्या एक डॉलर वर गेलात तरी पहिल्या पायरीचा सगळा अधिभार लागतो: माणशी महिना ८१.२० बीला आणि १४.५० डीला, दोघांचे मिळून वर्षाला सुमारे २,३०० डॉलर. यंदा फ्लॅट विकलात तर फटका २०२८ ला बसेल, त्या वर्षीच्या मर्यादेप्रमाणे.

नफा डॉलरमध्ये मोजायचा असतो, खरेदीच्या दिवसाचा दर खरेदीला आणि विक्रीच्या दिवसाचा विक्रीला. १९९८ ला १२ लाखांना घेतलात, तेव्हा डॉलर ४१ च्या आसपास होता, म्हणजे साधारण २९,००० डॉलर. आता १ कोटी २० लाखांना ९० च्या दराने सुमारे १,३३,०००. नफा १,०४,०००. भारतात भरलेल्या कराची वजावट अमेरिकेच्या करात मिळेल, पण त्याने उत्पन्नाचा आकडा खाली येत नाही. तुमचं इतर उत्पन्न ९५,०००, त्यात वहिनींच्या सोशल सिक्युरिटीचा करपात्र भाग पंधराएक हजार धरू (का, ते पुढे येतंच). बेरीज २,१४,०००. मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर.

आणि यंदाच तुमची आयआरएमधून (निवृत्तीच्या बचत खात्यातून) दरवर्षी सक्तीची रक्कम काढण्याची सुरुवात आहे. खात्यातल्या ६ लाख डॉलरवर पहिल्या वर्षीचा भाजक २६.५, म्हणजे सुमारे २२,६०० डॉलर. ते यंदा काढले की मर्यादा ओलांडली. पण पहिल्या वर्षीची रक्कम पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलपर्यंत पुढे ढकलता येते. एरवी मी ढकलू नका म्हणतो, कारण मग एकाच वर्षात दोन रकमा येतात. तुमच्या बाबतीत दोन मिळून ४६,००० २०२७ मध्ये आल्या तरी त्या वर्षी फ्लॅट नाही, म्हणून चालून जाईल. विक्री लांबून जानेवारीत गेली तर मात्र उलट करा: पहिली रक्कम ३१ डिसेंबरच्या आत काढून टाका. विक्री लांबणं काही अशक्य नाही. एनआरआय विक्रेत्याच्या बाबतीत खरेदीदाराला टीडीएस नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर कापावा लागतो, आणि तो कमी करण्याचा आयकर खात्याचा दाखला यायला वेळ लागतो. दाखल्याचा अर्ज साठेखताच्या आधीच्या तयारीत धरा. ‘एकदाच उत्पन्न वाढलं’ म्हणून अधिभार माफ करायचा फॉर्म आहे, पण तो निवृत्ती, जोडीदाराचं निधन अशा कारणांसाठी. स्वखुशीने घर विकणं त्यात बसत नाही. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या बँक खात्यात) आले की त्या वर्षी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरायला विसरू नका.

आता ती शेवटची ओळ. वहिनींचे स्वतःच्या पेन्शनसाठी लागणारे नोकरीचे ४० क्रेडिट नाहीत, त्यांना मिळणार ते तुमच्या नावावरचं. ‘सत्तरीपर्यंत थांबलं की दर वर्षी आठ टक्के वाढतं’ हे स्वतःच्या कमाईवरच्या पेन्शनला लागू आहे. जोडीदार म्हणून मिळणारी रक्कम पूर्ण वयानंतर (पूर्ण पेन्शनसाठी ठरवलेल्या वयानंतर) वाढत नाही. १९५८ च्या जन्माला हे पूर्ण वय ६६ वर्षं ८ महिने, ते उलटून सव्वा वर्षाहून जास्त काळ गेलाय. तुम्ही ६७ ला सुरू केलंत, म्हणून तुम्हाला ३,२४० डॉलर मिळतात. पूर्ण वयाला ती रक्कम ३,००० होती. वहिनींना त्या ३,००० च्या निम्मे, महिना १,५००. (तुमच्या पश्चात त्यांना ३,२४० पूर्ण मिळतील, तुम्ही थोडं थांबलात त्याचा फायदा तिथे आहे.) थांबल्याने वाढ शून्य, आणि मागची थकबाकी फक्त सहा महिन्यांची मिळते. त्यामुळे किमान दहा महिन्यांचे १५,००० डॉलर आधीच गेलेत, आणि दर महिन्याला आणखी १,५०० जातायत. एफ-जीच्या आख्ख्या वर्षाच्या फायद्याच्या दुपटीहून जास्त, एकेका महिन्यात. अर्ज ऑनलाइन होतो किंवा फोनवर भेटीची वेळ ठरवता येते. लग्नाचा दाखला मराठीत असेल तर मूळ प्रत सोबत ठेवा. अर्ज भरताना सहा महिने मागचा दिनांक हवा असं स्पष्ट सांगा. पैसे सुरू झाले की त्यांच्या पार्ट बीचा हप्ता त्यातूनच कापला जाईल. सध्या दर तिमाहीला घरी येणारं बिल बंद झाल्याची खात्री तेवढी करून घ्या, नाहीतर एखादा हप्ता दोनदा भरला जाईल.